कानातल्या कापसाने मिळालेली बढती

ती. वन्संना, तुमच्या भावाच्या बायकोचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढाच, बाकीचा उधार समजा).

वि. वि. इकडे सगळी खुशाल आहेत, मी सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेताय, की अजून डॉक्टरलाच औषध शिकवताय? माझं म्हणाल तर ताप नाही, खोकला नाही, भूकही लागते. मला फक्त भीती वाटते. सकाळी उठल्याउठल्या हात गार पडतात, आणि भाजी चिरायला बसले की सालं पातेल्यात आणि फोडी केरात जातात, म्हणून सून हळूच सुरी माझ्या हातातून काढून घेते. सत्तरीला टेकलेल्या बाईला आता कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. सांगते. पण हसायचं नाही. (हसणार तुम्ही. निदान बसून हसा, गुडघ्याला त्रास नको.)

वाचनालयाच्या वरच्या खोलीत बायकांचा एक गाण्याचा वर्ग भरतो. सून तिथे जाते. घरी एकटी बसून भिंतींना बोलता, त्यापेक्षा चला, असं म्हणून तिने मला नेलं. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, काडीसारख्या बारीक, पण नजर अशी की आपण आत शिरताना चप्पल नीट ठेवली की नाही ते आठवावं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. मेलडी म्हणजे आपली चाल, जी गुणगुणत माणूस घरी जातो. हार्मनी म्हणजे त्याच वेळी दुसऱ्याने वेगळे सूर म्हणायचे आणि तरी दोघांचं भांडण व्हायचं नाही. (आपल्या घराण्यात असं कधी झालेलं नाही, म्हणून मला समजायला दोन आठवडे लागले.) आणि तिसरा पोत. कापडाला असतो तसाच गाण्याला असतो म्हणे. सगळ्यांनी एकच चाल म्हटली तर एका धाग्याचं, विरविरीत. खालून दुसऱ्या सुरांचा आधार दिला की भरीव. दोन चाली एकमेकींतून गेल्या की घट्ट विणीचं. हे ऐकून आमच्या रांगेतली शिंपीण म्हणाली की घट्ट विणीचं कापड घामात नकोसं होतं. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मला ती तेव्हाच आवडली.

वर्गात दोन रांगा. पुढची चाल म्हणते, तिथे सून. मागची खालची ओळ धरते, तिथे शिंपीण आणि मी आणि आणखी सहासात जणी, ज्यांचा आवाज बाईंच्या मते ‘उबदार’ आहे. (म्हणजे घोगरा. तुमचा भाऊ स्पष्ट बोलायचा, घोगरा म्हणायचा.) आता गंमत अशी की मला खालची ओळ पाठ येते, एकटी असले तर बिनचूक म्हणते, पण पुढच्या रांगेने चाल सुरू केली की माझा आवाज गोठ्याकडे निघालेल्या म्हशीसारखा तिकडेच जातो. वन्सं, यात माझा काय दोष? आमच्या गावच्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा. ज्याचा सूर वेगळा त्याच्या हातावर छडी. चार वर्षं मी तेवढंच गाणं शिकले. आता म्हातारपणी कोणी म्हणतं, शेजारणीपेक्षा वेगळं म्हणा, तर माझा तळहात आपोआप मिटतो.

तर मी एक उपाय काढला. शेजारी भिंत फोडायचं काम चालू होतं तेव्हा मी कानात कापूस घालायची. तोच घातला, दोन्ही कानांत, वरून केस. काय सांगू, स्वर्ग. सून नाही, शिंपीण नाही, पेटी नाही, नुसती मी, माझ्याच डोक्यात, विहिरीत वाकून बोलल्यासारखी. बाईंचा हात खाली आला की सुरू करायचं आणि कागदावर नजर ठेवून शेवटापर्यंत जायचं. तीन आठवडे मी ओळ सोडली नाही.

चौथ्या आठवड्यात पुढच्या रांगेचं काहीतरी चुकलं आणि बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. सगळ्या थांबल्या. मी कागदात. मी दुसरं कडवं म्हटलं, तिसरं म्हटलं, शेवटचा लांब सूरसुद्धा बाईंनी शिकवला होता तसा दम पुरवून सोडला. मान वर केली तर बावीस बायका वळून माझ्याकडे बघत होत्या आणि सुनेने तोंडावर हात धरला होता. मी केस सावरायच्या निमित्ताने कापूस मुठीत घेतला आणि मरणाची वाट बघत उभी राहिले. बाई जवळ आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "सगळं थांबलं तरी ह्यांची ओळ हलली नाही. याला म्हणतात हार्मनी धरणं."

आणि तिथेच माझं वाटोळं झालं. वर्गाचा वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम आहे, त्याचं गाणं खालच्या ओळीने सुरू होतं. पहिल्या चार ओळी एकटीने म्हणायच्या, मग वरून चाल येते, आणि बाकीच्या आपल्या मागून शिरतात. हे काम शिंपिणीचं होतं. चार महिने ती शिलाईयंत्र चालवताना तेवढंच घोटत होती. बाईंनी ते तिच्याकडून काढून मला दिलं. शिंपीण नुसती एक पाऊल डावीकडे सरकली आणि तिने मला जागा करून दिली. वन्सं, तिने चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

खरं सांगावं तर बाईंचे ते डोळे आठवतात. न सांगावं तर शिंपिणीचं ते पाऊल. आणि कापूस घालून उभं राहायचीही सोय नाही, कारण आता बाई सुरुवातीचा सूर पेटीवर हळूच देणार, तो ऐकू यायला हवा. कापूस नसला की मी घसरणार, माझ्या मागून आख्खी रांग घसरणार, आणि भरीव कापडाची विरविरीत चिंधी होणार, तीही लोकांसमोर. परवा दुपारी मी खालचं सभागृह बघून आले. रिकामं होतं. एकशे दहा खुर्च्या. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. एक ओळ म्हणून बघितली तर ती समोरच्या भिंतीवरून परत आली आणि मला कळेना की हे कोण म्हातारं माणूस बोलतंय. तुमचा भाऊ गेल्यापासून मी कुणाच्या ना कुणाच्या आवाजाआड बसलेय, मुलाच्या, सुनेच्या, रेडिओच्या. एकटीचा आवाज एवढा मोठा असतो हे मी विसरलेच होते. बाहेरच्या पायऱ्या उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला.

बाकी इकडचं ठीक. सून काळजी घेते, मुलगा विचारपूस करतो, दोघांना वाटतं मी आनंदाने गप्प आहे. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण आता लिहिते. फोनवर बोलता येत नाही, सून पलीकडच्याच खोलीत असते. कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आहे. तुम्ही शनिवारी आजारी पडा. फार नको, पण मला ताबडतोब निघावं लागेल एवढं. फोन मुलालाच करा, आवाज बारीक ठेवा, आणि कृपा करून आजाराचं वर्णन लांबवू नका, तुम्ही रंगात आलात की बऱ्या वाटता. मी नसले की काम आपोआप शिंपिणीकडे जाईल, आणि मला कुणाला काही सांगावं लागणार नाही.

ता. क. दुसरा. पत्र तीन दिवस पिशवीतच राहिलं. काल शिंपीण कार्यक्रमाच्या पोलक्याचं माप घ्यायला आली. तिची टेप घरी राहिली होती, म्हणून मी माझी काढायला पिशवी उघडली तर आधी कापूस बाहेर आला. तिने कापूस बघितला, माझं तोंड बघितलं, आणि मला सगळं सांगावंच लागलं. ती तोंडात टाचण्या धरून ऐकत होती. मग टाचण्या काढून म्हणाली, "मावशी, माझीही ओळ घसरते हो. चार महिने मी रोज रात्री रडले." आम्ही दोघी बाईंकडे गेलो. मी मूठ उघडून कापूस दाखवला. बाईंनी तो उचलून केराच्या टोपलीत टाकला आणि म्हणाल्या, सुरुवात दोघींनी मिळून करा, कापसाशिवाय. ठरलं असं की मी घसरले की शिंपीण मला चिमटा काढणार. आज तालीम झाली. वरून चाल आली, माझा तळहात मिटला, पण ओळ टिकली, आणि बघते तर शिंपीणच चालीवर निघाली होती. मी तिला चिमटा काढला. परत आली.

तेव्हा आजारी पडू नका, कार्यक्रमाला या, मधल्या रांगेत बसा. पण वन्सं, हात अजून गारच आहेत. रविवारी दुपारपर्यंत तब्येत जरा नाजूकच ठेवा.