चौथ्या थरानंतर

३ मे १९७९, गुरुवार

समितीला माझ्याकडून, कार्यशाळेच्या व्यवस्थापिकेकडून, अहवाल हवा आहे. पाय का तुटतात आणि दोष कुणाचा. तिथे लिहिण्याआधी खरं काय ते स्वतःला सांगावं, म्हणून ही वही.

जानेवारीनंतर आम्ही दिलेल्या कृत्रिम पायांपैकी तीन तडकून परत आले. तिन्ही आमच्या कारागीर अंजनाबाईंच्या हातचे. सचिव गोपाळराव म्हणाले, "आठ दिवसांत त्या बाईला काढा."

तिसरा पाय आणला सावनेरच्या नत्थूजींनी. खरा पाय कोळशाच्या खाणीत गेला. दारातूनच ओरडले, "काय वं अंजना! माहा खरा पाय पंचेचाळीस वर्षं टिकला, तुहा चारच महिने काहून?"

"त्या पायाले घंटा नोती ना गा!"

दोघं हसले. मी दटावलं — कामाच्या वेळी थट्टा नको.

४ मे

अंजनाबाईंनी अठन्नी काढली आणि पायावर ठोकत गेल्या. टण, टण, टण — बद्द. "इथं सुटलं, बाई." वरून तडा नाही, चकाकी शाबूत. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर, मला तीनदा ठोकल्यावर फरक कळला!

तिथेच करवतीने कापलं. काचेच्या कापडाचे आठ थर, रेझिनने एकमेकांना चिकटवलेले. चौथा आणि पाचवा भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटलेले. प्रत्येक पावलागणिक पाय केसभर वाकतो. हजारो पावलं. फट आतल्या आत सरकत जाते, आणि एक दिवस माणूस रस्त्यात पडतो.

बाकीचे दोन कापले. तिथेही चौथ्यानंतरच. काय कान आहे या बाईचा!

५ मे

भाजीवाल्या जिजाबाईंचा पाय तपासला. सहा वर्षांचा, अंजनाबाईंनीच केलेला. टणटणीत.

७ मे

मग जानेवारीत काय बदललं? अंजनाबाईंना विचारलं. "सांगा!" म्हटल्यावर बोलल्या.

"बाराले कापड चढवाले घेतो. चार थर होत नाही तं एकची घंटा. जेवून येतो तवर खालचा थर सुकून काच होते. मंग वरचा त्याले धरत नाही, नुसता बसून राहते."

"आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं, बाई."

हो. जानेवारीत. 'तासभर द्या' म्हणाल्या होत्या. एकला काम बंद, हा माझा नवा लेखी हुकूम होता. त्यांनी हात थांबवला नाही, म्हणून मी त्यांची अर्धी रजा मांडली. दुसऱ्या दिवसापासून त्या घंटेला उठू लागल्या.

आज मात्र घंटा झाली तरी त्यांना उठू दिलं नाही. आठही थर ओल्यावर ओले, एका दमात. बुडबुडा नाही, सुरकुती नाही. मी नुसती बघत राहिले. जेवायला दोन वाजले.

९ मे

गोपाळराव — "हुकमाचा उल्लेख कशाला? कामगाराची चूक लिहा, प्रकरण संपेल." अंजनाबाईंचं घर त्या पगारावर चालतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. लिहिलं तेच ठेवलं.

११ मे, शुक्रवार

समितीला दिलं — अहवाल, हुकमाची प्रत, कापलेले पाय तीन.
माझ्या विनंतीवरून, समितीच्या मान्यतेने कार्यशाळेचा पदभार दिला — किल्ल्या, हजेरीपुस्तक.
घेणार : अंजनाबाई गजभिये, व्यवस्थापिका.
देणार : मी. सोमवारपासून त्यांच्या हाताखाली, कापड कापायला.