फोन खुशीनं दिला म्हणे

मंगळवार, संध्याकाळ. विटा.

अजून किळस जात नाही. पुतण्याची बायको सुनंदा हिनं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, नळाला गढूळ पाणी येतंय. तेवढ्यावर कुणीतरी बदनामीची तक्रार केली आणि आज तिला चौकीत बोलावणं. सुट्टीवर आलेला पुतण्या आणि मी सोबत गेलो.

हवालदार म्हणाला, "ताई, फोनचं लॉक काढा." ती थबकली. पुतण्या फौजी, वर्दी दिसली की ताठ! म्हणाला, "दे गं, आपल्यात लपवायचं काय हाय?"

हवालदारानं पाण्याचा मेसेज सोडून भलतंच उघडलं. तिनं आईला पाठवलेला दवाखान्याचा मजकूर मोठ्यानं वाचला. मूल होत नाही, दोष तिच्यात नाही, नवऱ्यात आहे. सगळ्या बाकानं ऐकलं. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. माझे कान तिखट, गावातलाच कोण ते कळलं. पुतण्या फरशीकडं बघत राहिला.

मी जन्मभर परमुलखात सोन्याची गलाई केली. वितळवायला आलेलं मंगळसूत्र कुणाचं, हे कधी दुकानाबाहेर गेलं नाही. आणि हा हवालदार सरकारी पगार घेऊन...

वकिलांना फोन केला. "अण्णा, खासगीपणा मूलभूत हक्क आहे. लेखी आदेश मागायचा होता. पण तुम्ही तर खुशीनं दिलात."

खुशीनं! तिची खुशी विचारली कुणी? हवालदारानं नाही, नवऱ्यानं नाही. मी तरी कुठं?

आत्ता ग्रुप बघितला. सुनंदानं मेसेज पुसलाय, ग्रुपही सोडलाय. त्याखाली शुभसंध्याकाळची गुलाबाची फुलं. पाण्याबद्दल एकाही बाप्याचा शब्द नाही.