वीस बाय दहाचं वसतिगृह

४ सप्टें.
मान धरलीय. शाळेतल्या सरांचं मुलींचं वसतिगृह अखेर कॉम्प्युटरवर उभं राहिलं. खाटा, खिडक्या, दोरीवर ओढण्या. मिरजगावला जागेवर मात्र नुसता पाया. सर म्हणतात, लोकांनी मुलींची नावं दिली तर बांधकाम हलेल. म्हणून फलक. वीस बाय दहा फूट. ३० डीपीआयला, म्हणजे इंचाला तीस ठिपके, चित्र रेंडर होऊन तयार व्हायला आठ तास, ७२ ला जवळपास दोन दिवस. माझ्या मशीनला झेपेल?

५ सप्टें.
नगरला युनूसभाईंना फोन, फ्लेक्स तेच छापणार. "ताई, तीस लई झालं. हायवेनं जानारा मानूस नाक लावून बघतो व्हय?" सुटले. ३० फायनल.

९ सप्टें.
श्रीरामपूरहून दोन एस.टी. बदलून मिरजगाव. दाराजवळच्या भागाचा छापील तुकडा सरांना दाखवला. शाळेत वही तपासायचे तसेच बघत बसले. "कडी दिसत नाही गं."
म्हटलं, लांबून कडी कोण बघतंय?
फलक हायवेवर नाहीच! थांब्यामागच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर वर. हे आज सांगतात.
"ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर कुणाकडं ठेवायची, म्हणून लग्न लावून देतात. बाप अगदी जवळ येऊन बघणार. कडी आतून लागते का, तेसुद्धा."
मी चहा न घेता निघाले. परतीला उभ्यानं.

११ सप्टें.
सगळं ७२ ला नको. माणसाच्या नजरेला येणारा खालचा साडेतीन फुटांचा पट्टा तेवढा ७२, वरची भिंत-आभाळ ३० लाच. पट्ट्याला सोळा तास. लावलं.

१२ सप्टें.
अकराव्या तासाला लाईट गेली. पहिल्यापासून.

१४ सप्टें.
झालं. कडी दिसते. तिच्यावरचा गंजसुद्धा. नवीन इमारतीला गंज कशाला दिला मी? खरं वाटावं म्हणून. फाईल युनूसभाईंना. डोळे चुरचुरतायत.

२१ सप्टें.
फलक लागला. लोक थांबत होते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणारा एक बाप, सोबत पंधराएक वर्षांची मुलगी. तो कडीवर बोट फिरवत होता.
"फोटू कवाचा हाय?"
"फोटो नाही, चित्र आहे. मीच केलंय. बांधकाम व्हायचंय."
तो पुन्हा दाराकडे बघत राहिला. "मंग औंदा कुटं ठिवायची हिला?"
खाली ठळक लिहिलंय, पुढच्या हंगामापासून. ते त्यानं वाचलं नव्हतं. सर चष्मा पुसत राहिले. मुलगी चित्रातल्या खाटा मोजत होती.
तीसलाच ठेवलं असतं तर त्याला फोटो वाटला नसता.

२३ सप्टें.
सरांचा फोन. नावं येतायत. तो बाप परत आला होता, मुलीसाठी स्थळ बघतोय म्हणाला. मग सर म्हणाले, "आई गेल्यापासून तुझी मागची खोली रिकामी आहे ना?"
विचार करते म्हटलं. कुणाची मुलगी, परकं गाव, मी दिवसभर स्क्रीनपुढे. तिला विचारलंय का कुणी?

२४ सप्टें.
काम झालं नाही. मागच्या खोलीतली जुनी खोकी बाहेर काढली. खोली झाडली. दाराला आतून कडी नाहीच, कधी लागलीच नव्हती. सुताराला उद्या बोलावलंय.
सरांना अजून फोन केलेला नाही.