मतदानाआधीच कोट चढवला

आईला तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतो?

दादा नोकरीला आहे त्या देशावर निर्बंध घालायचे का, यावर काल सभागृहात चर्चा झाली. गॅलरीत दुसऱ्याच एका बड्या देशाचे पाहुणे होते. त्यांच्या कानात भाषांतर सांगायचं काम माझ्याकडे होतं.

विरोधी बाकावरच्या एक बाई उठल्या. "हा निर्णय आपला, की वर बसलेल्यांचा?"

मंत्री तावातावाने म्हणाले, "आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही!"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. पाहुण्यांमधला म्हातारा गालात हसला आणि कोट चढवू लागला. मतदान अजून व्हायचं होतं गं.

ठराव मंजूर झाला, आणि तेही मलाच सांगावं लागलं. आता तिकडची विमानं बंद होणार.

दादा खटपट्या आहे, कुठून तरी वाट काढेलच. बाबांना इतक्यात काही सांगू नकोस. त्याचा फोन आला तर रडू नकोस, आधी त्याला बोलू दे. मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय, पण त्याला काय सांगावं तेच सुचत नाही.

तब्येतीला जप.

तुझीच,
धाकटी