बारापैकी बारा

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. संकल्प: रोज लिहायचं, थोडं लिहायचं, खरं लिहायचं.

आज सिराजशेठनी हो म्हटलं! आमच्या कामतघरच्या ऑफिसातले बारा जुने कम्प्युटर काढायचे आणि बारा थिन क्लायंट बसवायचे. थिन क्लायंट म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडायचा. पेटीला स्वतःचं डोकं नाही, डोकं सगळं सर्व्हरमध्ये. सर्व्हर एका खोलीत बसणार आणि बाराच्या बारा पेट्या वायरीने त्याच्याशी बोलणार. मीटिंगमध्ये हे समजावलं तेव्हा चलानं बनवणाऱ्या अतिया मॅडम म्हणाल्या, म्हणजे आत्ता ऑफिस चालतं तसंच. शेठसकट सगळे हसले. मी हसलो नाही.

शेठची अट: महिनाभर सिस्टीम नीट चालली तर मी आयटी हेड, आणि जिन्याजवळची सर्व्हरची खोली माझी केबिन. नाही चालली तर परत फोल्डिंग खात्यात, कापडाचे ताके मोजायला. सहा वर्षं मोजलेत. आता नाही.

शिवाय भाऊबीजेला अकलोलीला सासऱ्यांना सांगून बसलोय की मी आयटी हेड झालो. हे काही खोटं नव्हे. महिनाभर आधी सांगितलेलं खरं आहे. सुकन्याला हा फरक समजत नाही. झाल्यावर सांगायचं ना, म्हणते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वायरिंग केलं. बारा टेबलांच्या बारा वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीला स्विच म्हणतात. स्विचमधून एक मुख्य वायर सर्व्हरकडे जाते. स्विच मी लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, शेडकडच्या भिंतीवर ठोकला. सगळ्यांना जवळ. वायर वाचली.

शेडचे मुकादम खालिदचाचा डोकावले. म्हणाले, भूपेश, उस दीवार पे मत लगा, वहाँ घड़ी भी नहीं टिकती. खरं आहे, ऑफिसचं घड्याळ तिथून दोनदा पडलंय. पण तो खिळ्याचा दोष. चाचांची तीस वर्षं अठ्ठेचाळीस लूममध्ये गेली. लूमबद्दल ते बोलले तर मी मान खाली घालून ऐकेन. हे नेटवर्किंग आहे.

मुख्य वायरीची क्लिप स्विचमध्ये बसवताना तुटली. टेप लावली. परदेशातही असंच करत असतील.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी, ऑफिसही बंद. मुद्दाम आलो. शांतपणे काम करायला हाच दिवस बरा.

सकाळी १०.००: सर्व्हर चालू.

१०.२०: बारापैकी बारा जोडले. बारापैकी बारा!

५.३०: सात तास, एकदाही तुटलं नाही. व्हिडिओ काढून सासरच्या ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी अंगठा पाठवला. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसालाही पाठवला नव्हता.

जुने कम्प्युटर जिन्याखाली ठेवून वर चादर टाकली. मन भरून आलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

९.१०: सगळे कामाला बसले.

९.२५: बाराही स्क्रीन गेल्या. वर एकच ओळ: रिकनेक्टिंग, प्रयत्न एक.

९.२७: आल्या.

९.४०: गेल्या. अतिया मॅडमचं चलान अर्धवट राहिलं. त्यांनी पेन काढून उरलेलं हाताने लिहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत अकरा वेळा. कारण सापडलं: लोक कीबोर्ड फार जोरात बडवतात. 'की हळू दाबाव्यात. हुकुमावरून' अशी पाटी लावली. कोणाच्या हुकुमावरून ते लिहिलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सव्वीस वेळा. पेट्यांच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. रुचिका नावाची मुलगी होती, पुण्याहून. तिने विचारलं, सर, तुमच्यामागे कसला आवाज येतोय? म्हटलं, कसलाही नाही. ती म्हणाली, नाही सर, हेलिकॉप्टर उतरल्यासारखं काहीतरी आहे. म्हटलं, मॅडम, तुमच्या लाइनमध्ये असेल, इकडे अगदी शांत आहे. मग तिने विचारलं, स्विचजवळ काही व्हायब्रेशन? मला हसूच आलं. म्हटलं, अजिबात नाही, मी याच गल्लीत जन्मलोय, असतं तर मला कळलं नसतं का? एवढं बोलेपर्यंत चहाचा ग्लास सरकत टेबलाच्या कडेला आला होता. तो मागे घेतला आणि फोन ठेवला.

पुण्याच्या मुलींना प्रॅक्टिकल अनुभव नसतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एकतीस वेळा. शेठ स्वतः येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. म्हणाले, भूपेश, पहिले लोक काम करायचे आणि कम्प्युटर बंद पडायचा. आता कम्प्युटर काम करतो आणि लोक बंद पडतात. हे कौतुक होतं की काय ते कळलं नाही. संध्याकाळी सर्व्हरला लिंबू-मिरची बांधली. टेक्निकल उपाय चालूच आहेत, हा फक्त जोडीला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. एकटाच आलो. दिवसभर बारापैकी बारा! एकदाही तुटलं नाही!

लिंबू-मिरचीचा गुण असेल, पण मी शास्त्रीय विचाराचा माणूस आहे. जेवताना नीट विचार केला. कालपर्यंत जे होतं ते सगळं आज आहे. तोच सर्व्हर, त्याच वायरी, तीच भिंत. मग आज नाही ते काय? ऑफिसातली माणसं! सिस्टीम उत्तम आहे, माणसं खराब आहेत. इतकं स्वच्छ आजवर कधी सुचलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माणसांचं ट्रेनिंग घेतलं, पाऊण तास. त्यात चौदा वेळा तुटलं, त्यामुळे फळ्यावर शिकवलं.

तक्रारींसाठी एक वही ठेवली, खिळ्याला दोरी, दोरीला पेन. पहिल्याच दिवशी त्रेचाळीस तक्रारी. एकीत लिहिलंय, 'भूपेशभाई को एक बार रीस्टार्ट करके देखो.' अक्षर अतिया मॅडमचं वाटतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरी वाद. सुकन्या म्हणाली, शुक्रवारी मी फळीवरचे डबे मागे सरकवते आणि मंगळवारपर्यंत परत कडेला येतात, आज हळदीचा डबा पडला, काहीतरी करा. आमच्या घराच्या भिंतीपलीकडेही लूमच आहेत. म्हटलं, माझ्या डोक्यात बारा मशीन आणि एक सर्व्हर आहे, हळदीचे डबे तू बघ. ती म्हणाली, बघते की, लग्न झाल्यापासून तेच करतेय. मग जेवायला बसलो. आमटी पिवळी नव्हती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तक्रारी त्रेचाळीसवरून चारवर! आलेख काढून शेठच्या टेबलावर ठेवला. ट्रेनिंगचा परिणाम.

अतिया मॅडमच्या टेबलाखाली एक जुना कम्प्युटर दिसला. विचारलं तर म्हणाल्या, पाय ठेवायला घेतलाय. त्याचा पंखा चालू होता. थंडीचे दिवस आहेत, पायांना ऊब मिळत असेल. जिन्याखालची चादरही बरीच सपाट दिसली. बहुतेक धूळ बसून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बारापैकी बारा. आता सवयच झालीय.

पाटी करायला टाकली: भूपेश तरे, आयटी हेड. पितळी अक्षरं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

शेठनी शनिवार ठरवला, एकोणतीस तारीख, अकरा वाजता. ते येऊन बघणार. मी सुचवलं की शुक्रवार बरा, शांत असतं. ते म्हणाले, शुक्रवारी माणसं कुठे असतात? मला काम चाललेलं बघायचंय.

सासऱ्यांना सुकन्याने कळवलं असावं. त्यांचा फोन आला, शनवारी येतंय, तुमची केबिन बगून जातंय. मी म्हटलं, या की. दुसरं काय म्हणणार?

दुपारी खालिदचाचा आले. उभ्याउभ्याच बोलले. म्हणाले, जुम्मे को चलता है ना तेरा? म्हटलं, एकदम. म्हणाले, जुम्मे को मेरे लूम बंद रहते हैं। बाकी दिन यही दीवार हिलती है। हाथ लगा के देख। म्हातारा माणूस, मन राखायला हात लावला. भिंत नेहमीसारखीच होती. कामतघरातल्या सगळ्या भिंती अशाच असतात. चाचांना चहा पाजला.

रात्री जेवताना हात फळीला लावून बघितला. उगाच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बारापैकी बारा. आज आनंद झाला नाही. दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसलो. काही हलत नव्हतं.

तरी मी हे मानत नाही. पण आयटीत पर्यायी व्यवस्था ठेवावी लागते. उद्या तपासणीच्या वेळी मी स्विचपाशी उभा राहीन आणि मुख्य वायर अंगठ्याने आत दाबून धरीन. स्टँडबाय सपोर्ट.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं लिहायचं असं ठरवलंय, म्हणून लिहितो.

१०.५०: भिंतीपाशी जागा घेतली. एका हाताने स्विच, दुसऱ्या हाताचा अंगठा वायरीवर. पलीकडे अठ्ठेचाळीस लूम चालू. बारापैकी बारा!

११.००: शेठ आले. अतिया मॅडमच्या खुर्चीमागे उभे राहिले. एक चलान झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. शेठ म्हणाले, अरे वा. मला म्हणाले, भूपेश, इकडे ये, समजव जरा. म्हटलं, इथूनच समजावतो शेठ, इथून सगळं दिसतं. मग दहा मिनिटं भिंतीला चिकटून मोठ्याने समजावलं. आवाज चढवावा लागला, कशामुळे ते तेव्हा लक्षात आलं नाही. अंगठा बधिर झाला होता, पण मला खरंच वाटत होतं की झालं आपलं.

११.१५: सासरे आले. धोतर, टोपी, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, काय जावय, भित पडतंय का काय?

सगळं ऑफिस बघत होतं, शेठ बघत होते. सासरे चार पावलं पुढे येऊन थांबले. ते कशासाठी थांबले होते ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, शेठनाही माहीत होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, समोर आल्यावर पाया पडलो नाही असं एकदाही झालेलं नाही. नुसती मान हलवून बघितली. ते हलले नाहीत.

हात सोडले. वाकलो.

बाराही स्क्रीन गेल्या.

मी वाकलेलाच होतो तेव्हा टेबलाखालून एकामागून एक आवाज आला. बारा बटणं. जुन्या कम्प्युटरचा तो ओळखीचा टुक आवाज. अतिया मॅडमनी स्क्रीनची वायर काढून खालच्या कम्प्युटरला लावली आणि सहावं चलान करायला घेतलं. बाकीच्यांनीही. कोणी घाईसुद्धा केली नाही. दोन आठवड्यांची सवय होती.

सासऱ्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. बरं झालं. मला वर बघायचं नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार

खालिदचाचांनी स्विच काढून समोरच्या भिंतीवर लावला, खाली लूमच्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा घातला. मुख्य वायर नवी. ती सर्व्हरच्या खोक्यातच होती, अतिया मॅडमनी जपून ठेवली होती. सगळं मिळून वीस मिनिटं. दिवसभर एकदाही तुटलं नाही. सोमवार असून.

रुचिकाचा फोन आला, फॉर्म भरायला. प्रॉब्लेम काय होता सर? म्हटलं, लिहा, व्हायब्रेशन. तिने ते टाइप केलं. मग म्हणाली, मागे अजून हेलिकॉप्टर आहे सर. म्हटलं, हो, लूम आहेत. अठ्ठेचाळीस.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या. म्हणाले, सिस्टीम चांगली आणलीस, ते मी विसरणार नाही. पण आता सहा दिवस तिला काही लागत नाही, आणि फोल्डिंगमध्ये माणूस कमी आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र कोणीतरी येऊन तपासणी करावी. तुझी पाटी झालीच आहे म्हणे. वाया कशाला घालवायची?

म्हणजे शनिवार ते गुरुवार ताके, शुक्रवारी आयटी हेड. शुक्रवारची सुट्टी गेली. घरी सुकन्याला सांगितलं की आठवड्याला एक दिवस केबिन मिळाली. ती म्हणाली, बाबांना मी सगळं सांगितलंय, तुम्ही आता काही सांगू नका.

५ डिसेंबर, शुक्रवार

१०.००: पाटी लावली. सर्व्हरच्या खोलीत खुर्ची टाकली. ती जरा डुगडुगते.

१०.१०: बारापैकी बारा. बारा टेबलं, एकही माणूस नाही.

१२.३०: सुकन्या डबा घेऊन आली, सुट्टीमुळे चहाची टपरीसुद्धा बंद म्हणून थर्मासही. वालाची भाजी. पाटी वाचली, हसली नाही. पदराने पुसली. मग म्हणाली, बाबा गावात सगळ्यांना सांगत सुटलेत. विचारलं, काय? तर म्हणतात, ताके मोजतंय त मोजू दे, पन बारा कम्प्युटर सोडून माझ्या पाया पडला, असा जावय पंचक्रोशीत कोनाचा न्हाय. मी स्क्रीनकडे वळलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आयटी हेडने रडताना दिसू नये असं मला वाटतं.

ती गेल्यावर संकल्प केला: घरच्या फळीला पट्ट्याचे तुकडे लावायचे. चाचांकडे मागायचे.

४.००: अजून बारापैकी बारा. कोणाचा फोन नाही, तक्रारवहीत काही नाही. थर्मासमधला चहा ग्लासात ओतून ठेवला होता, तो प्यायचा राहिला. कडेला गेला असेल म्हणून दोनदा हात पुढे केला. ग्लास ठेवला होता तिथेच होता.