डाव्या पेटीखालचे चार मिलिमीटर

आप्पा, तुमचा माग मी कॉम्प्युटरवर जोडायला घेतलाय आणि तो काही केल्या जुळत नाही. तुमचा लेक अण्णा म्हणतो, वडगावचं घर पाडून नवं बांधायचंय, माग भंगारात घालू. मी म्हटलं, थांब की जरा, आधी मापं तरी घेऊ दे. म्हणून गेले पाच रविवार वर्नियर घेऊन तुमच्या मागाखाली शिरतेय. मच्छे गावातल्या कारखान्यात दिवसभर पंपाचे भाग असेच कॉम्प्युटरवर जोडते ते पगारासाठी. हे कशासाठी, माझं मलाच कळत नाही.

आमच्या कामात पहिला भाग पक्का रोवायचा, तो हलत नाही. मग दुसऱ्याला सांगायचं, तुझं हे भोक त्याच्या भोकाच्या रेषेत आण, तुझी ही बाजू त्याच्या त्या बाजूला टेकव. कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मला हसू आलं होतं. पान्हा माझ्या हातात देऊन तुम्ही हेच सांगायचात, "आधी एकाला घट्ट धर गं. सगळीच हलाय लागली तर कुणाला कुणाशी जुळवशील?" आणि मी पान्हा उलटा फिरवला की "गाढवापुढं वाचली गीता" म्हणून डोक्यात टपली.

तर मी सांगाडा रोवला. त्यावर आडवा धागा घेऊन धोटा ज्या फळीवरनं पळतो ती फळी, आणि फळीच्या दोन टोकांना धोटा जाऊन थांबतो त्या पेट्या. उजवी बरोबर बसली. डावी फळीपेक्षा चार मिलिमीटर खाली. धोटा पळवून बघितला तर डावीकडनं निघताना फळीच्या कडेवर आपटतोय. तीनदा मापं घेतली, तीनदा तेच. डोकं फिरायची पाळी आली. शेवटी आईला विचारलं. ती शेंगा फोडत होती, वर न बघता म्हणाली, "तिथं ह्यांनी चपलेचं चामडं घातलेलं न्हवं? पेटी झिजलीया म्हणत हुते."

चामडं म्हटल्यावर सगळं आठवलं. आठवीत होते मी. खंडेनवमी. तुम्ही हार आणायला खडेबाजारात गेलता आणि माग पुसायचं काम माझ्याकडे. डाव्या पेटीखालनं जुन्या चपलेचं चामडं डोकावतंय. ज्याची पूजा करायची त्याच्या अंगात पायातली चप्पल? शी! मी बोल्ट सैल केले, चामडं उपसून गटारात टाकलं आणि बोल्ट परत आवळले, तुम्ही शिकवल्यासारखे घट्ट. मग हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

दसऱ्यानंतर धोटा उडायला लागला. एकदा आईच्या कानाजवळनं गेला. तुम्ही धोटा बदललात, फणी बदललीत, आणि महिन्याभरात म्हणालात, "माझाच अंदाज गेला. डोळं गेलं माझं." मागावरनं उठलात ते कायमचे. पुढं जगलात तेवढी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत बसलात. मला काहीच कळत नाही, आप्पा. चामडं तुम्हीच घातलेलं, मग वाकून बघितलं का नाहीत? विसरलात? की बघितलंत आणि गप्प राहिलात? की डोळे खरंच गेले होते आणि मी उगाच स्वतःला दोष देतेय? कधी वाटतं हे, कधी ते. कामावर पंप जोडताना पण हेच चाललेलं असतं.

काल जेवणाच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर एक नवा भाग काढला, चार मिलिमीटर जाडीचा, आणि पेटीखाली सरकवला. धोटा सरळ गेला, सरळ आला. कितीदा तरी पळवला. सगळ्यांदेखत रडू फुटलं.

हे ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय. आईला दाखवणार नाही, अण्णाला तर नाहीच. घडी घालून वर्नियरच्या डबीत ठेवते. तुम्ही वाकून का बघितलं नाहीत, असं वर विचारलंय खरं. पण धोटा पहिल्यांदा उडाला त्या संध्याकाळी तुम्ही मला हाक मारून विचारलं होतंत, "पुसताना काय काढलंस काय गं पेटीखालचं?"

मी म्हटलं, "न्हाय आप्पा."

तुम्ही "बरं" म्हणालात.