चष्मा न लावता केलेली सही

धाकट्या,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

जन्मभर नर्स होते. बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय कुणाला सुई टोचली नाही. पण तू एजंट असलेल्या कंपनीत पेन्शनचे पैसे हलवताना तू म्हणालास, "ताई, चष्मा कशाला शोधतेस? बोट ठेवतो तिथे सही कर." केली.

कंपनीने गाशा गुंडाळला, तरी तक्रारीत तुझं नाव घेतलं नाही. वाटलं, तूही फसला असशील. काल तुझी बायको सहज बोलून गेली, "ह्यांनी स्वतःचे पैसे तिथे ठेवलेच नव्हते."

केसाने गळा कापलास रे!

आज परत पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. साहेबांनी विचारलं, "एजंट तुमचा कोण?"

"पाठचा भाऊ," म्हटलं, आणि चष्मा लावून, दोनदा वाचून सही केली.

हे पत्र टाकणार नाही. नोटीस येईलच.

ताई